मेथी खाणाऱ्या बाईचं रक्त

माझ्या छातीत कारखान्यात तयार झालेली झडप आहे आणि ती वाजते. शांत खोलीत माझ्या शेजारी बसलात तर तुम्हालाही ऐकू येईल. टिक, टिक, भिंतीवरच्या स्वस्त घड्याळासारखी. ऑपरेशननंतर पहिला महिनाभर तिनं मला झोपू दिलं नाही. आता उलटं झालंय. आवाज नीट येत नसला की झोप येत नाही.

मी नाशिकला, पेठ रोडच्या बाजूला एका मळ्यात मेथी, कोथिंबीर, शेपूच्या जुड्या बांधते. आम्ही सहा-सात बाया बांधावर गोल करून बसतो. सगळ्यांत जुनी आहे ती पेठकडची मावशी. दात दोन कमी, जीभ दोन जास्त. कामावर परत गेले त्या पहिल्याच दिवशी तिनं माझ्या पाठीला कान लावला आणि ओरडली, "अगं बया, हिच्यात सेल टाकलाय! ए घड्याळ, किती वाजले सांग, चहाची सुट्टी झाली का?" तेव्हापासून मळ्यात माझं नाव घड्याळच.

मी मूळची इकडची नाही. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वणीच्याही पुढे. नवरा नाशिकच्या मार्केट यार्डात हमाली करतो, म्हणून इकडे आले. गावी जाताना मनमाड मागं पडलं की मला वाटतं, आलंच आता घर. खरं तर तिथून अजून कितीतरी तास असतात. आई फोनवर विचारते, "काहून वो, तिकडं आंबाडीची भाजी भेटते का?" मी म्हणते, भेटते. भेटत नाही, पण तिला तेवढंच बरं वाटतं.

शाळा सातवीत सुटली. मी सोडली नाही. गुडघे, घोटे सुजायचे, ताप यायचा, आणि शाळा नाल्यापलीकडच्या चढावर होती. अर्ध्या चढावर मी खाली बसायची. मास्तर म्हणायचे, ही पोरगी आळशी. बापानं दोनदा मारलं, मग घरीच बसवलं. वीस वर्षांनी नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, तो आळस नव्हता, तो तापच तुमच्या हृदयाची झडप खात होता. त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. मरणाच्या भीतीनं नाही. मी आळशी नव्हते म्हणून.

ऑपरेशन एका धर्मादाय हॉस्पिटलनं फुकट केलं. आमच्यासारख्यांना ते कधीच झेपलं नसतं. घरी आल्यावर मी हॉस्पिटलची निळी फाइल देव्हाऱ्यात ठेवली, देवाच्या मागं, उभी. नवरा हसला, पण दुसऱ्या दिवशी उदबत्ती ओवाळताना त्यानंही फाइलवरून हात फिरवला.

अशी झडप बसवली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. कमी पडली तर झडपेवर रक्ताची गुठळी धरते. जास्त झाली तर हिरड्यांतून, नाकातून, कुठूनही रक्त येतं. आणि ही गोळी पालेभाजीवर रुसते. जास्त पालेभाजी खाल्ली की तिचा जोर कमी होतो. रुग्णाला देतात त्या कागदावर स्पष्ट छापलं होतं, पालेभाजी रोज सारख्या प्रमाणात खा. मी वाचलंही होतं. पण डोक्यात राहिलं ते एवढंच, की पालेभाजी वाईट. आणि काम माझं पालेभाजीचं.

तेव्हा दर महिन्याला तपासणी असायची. तळमजल्यावर एक खिडकी होती आणि तिच्यात एक काका बसायचे. ते सुई टोचायच्या आधी बोटं बघायचे. जुड्या बांधून माझी बोटं कायम हिरवट काळी असतात, घासली तरी जात नाहीत. काका बोटं नाकाशी नेऊन म्हणायचे, "आज शेपू?" मी लाजून हो म्हणायचे. "बांधलीस की खाल्लीस?" "दोन्ही." मग ते चिठ्ठीवर काहीतरी लिहून डॉक्टरांकडे पाठवायचे आणि गोळी पाव-अर्धी इकडेतिकडे व्हायची. असं दोन वर्षं चाललं. काही बिघडलं नाही.

मग हॉस्पिटलमध्ये एआय आलं.

आम्हाला वीसेक जणांना एका हॉलमध्ये बसवलं, चहा-बिस्किट दिलं. टॅब घेतलेली एक ताई समजावायला आली. आता गोळी सगळ्यांना एका मापानं नाही, प्रत्येकाच्या जनुकांप्रमाणे मिळणार. रक्त एकदाच घेणार, त्यावरून आणि तुमच्या उत्तरांवरून संगणक डोस ठरवणार. म्हणजे महिन्याच्या महिन्याला यायला नको, तीन महिन्यांनी या. मधल्या काळात मोबाइलवरचं ॲप तुमच्यावर लक्ष ठेवेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एक खाडा वाचला तरी आम्हाला तो सण असतो.

सहीचा फॉर्म जाड होता. मराठी पान एकच, बाकी इंग्रजी.

मी विचारलं, "ताई, माझं रक्त पुढं कुठं जाणार?"

"रक्त नाही, त्यातली माहिती. सर्व्हरवर सुरक्षित राहील, मावशी."

"तो कुठं असतो?"

ती हसली. "खरं सांगू? मलापण माहीत नाही."

पोरगी गोड होती. माझ्याहून चारेक वर्षांनी लहान असेल, पण हातावर माती दिसली की दवाखान्यात बाईची लगेच मावशी होते. मागच्या खुर्चीवरचा माणूस म्हणाला, "फुकटचं ऑपरेशन घेतलं तेव्हा विचारलं होतं का, चाकू कुठं बनलाय?" सगळे हसले. मी सही केली. फुकट जगलेल्या माणसाला प्रश्न विचारताना स्वतःचीच जीभ उद्धट वाटते.

आता माझी चूक सांगते. लपवायची नाही म्हणूनच लिहायला बसले आहे.

आमच्यात तपासणीला जायचं म्हणजे परीक्षेला जायचं असतं. साखरेवाले आठ दिवस आधी चहा सोडतात, बीपीवाले लोणचं सोडतात, रिपोर्ट चांगला आला की घरी येऊन जिलेबी खातात. डॉक्टरसमोर नापास व्हायचं नाही, एवढंच ठाऊक. जनुकांच्या तपासणीची तारीख मिळाल्यावर मळ्याच्या मालकीणकाकूंनी बजावलं, "आठ दिवस पाल्याला शिवू नको. रिपोर्ट एकदम झकास यायला पाहिजे, हॉस्पिटलचं नाव आहे." मी शिवले नाही. आठ दिवस डाळ आणि चटणी.

टॅबवाल्या ताईनं विचारलं, "गेल्या आठवड्यात पालेभाजी किती वेळा खाल्ली?"

"एकदाही नाही."

अगदी खरं उत्तर होतं. माझ्या जन्मात त्याहून खरं उत्तर मी दिलं नसेल. आणि त्या खऱ्या उत्तरावर संगणकानं माझी गोळी ठरवली, पालेभाजी न खाणाऱ्या एका बाईची, म्हणजे कमी मापाची. तशी बाई त्या आठ दिवसांपुरतीच होती.

मग हिवाळा आला. थंडीत मेथी अशी येते की शेत संपतच नाही. संध्याकाळी टेम्पो भरून गेला की मोडक्या, उरलेल्या जुड्या काकू आम्हा बायांत वाटतात. नको म्हटलं तर त्यांना राग येतो. "माझ्या मळ्याची मेथी हॉटेलवाल्यांना गोड, आणि तुला कडू काय गं?" घरात दुसरी भाजी विकत आणायचं कारणच नसतं. मेथीची भाजी, मेथीचं पिठलं, मेथीचे ठेपले, परत मेथी. रोज.

दर रविवारी ॲप विचारायचं, या आठवड्यात पालेभाजी खाल्ली का? पहिल्या रविवारी मी खरं बटण दाबलं. पडद्यावरच्या हसऱ्या चेहऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, रंग पिवळा झाला आणि खाली आलं, कृपया सूचनांचे पालन करा. मी मोबाइल पालथा ठेवला. वाटलं, हे आता हॉस्पिटलात सगळ्यांना दिसत असेल. ही बाई ऐकत नाही, हिला या संगणकवाल्या कार्यक्रमातून काढा, हिची गोळी बंद करा. गोळी बंद म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पुढच्या रविवारी मी 'नाही' दाबलं. चेहरा हसला. मग मी त्याला दर रविवारी हसवत राहिले.

एका सकाळी कोथिंबीर बांधताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सुतळी नीट होती, जुडी नीट होती. थोड्या वेळानं कळलं, मला माझा आवाज येत नाहीये. म्हणजे येत होता, पण कांबळ्याखालून आल्यासारखा. टिक नाही. ठप, ठप.

मी पेठच्या मावशीला म्हटलं, "मावशी, कान लाव."

"परत? टाइम बघायला मोबाइल घे की गं."

"लाव ना."

तिनं लावला. बराच वेळ लावला. मग मान वर केली तेव्हा चेष्टा कुठं गेली कोण जाणे. "घड्याळ मंद झालंय पोरी. ऊठ. ऊठ म्हणते ना, जुड्या मी बांधते."

हॉस्पिटलात खाली गेले तर खिडकी बंद. वर पाटी, कार्यक्रमातल्या रुग्णांनी ॲप वापरावे. काकांची बदली दुसऱ्या मजल्यावर, रक्ताचे नमुने लावायला. बाहेरच्या तपासणीच्या टेबलावर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मोबाइल मागितला, पाहिला, परत दिला.

"मावशी, हे बघा, हसतंय. तुमचा धोका अगदी कमी दाखवतोय."

"ते हसतंय. पण माझा आवाज बदललाय."

"आवाज तुम्हाला तसा वाटतो. तुमच्या फाइलवर लिहिलंय, रुग्ण खूप काळजी करते. काळजीनं असं होतं. घरी जा, आराम करा, तारीख पुढच्या महिन्यात आहे."

फाइलवर लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. मी घाबरटच आहे. कुकरच्या शिट्टीला दचकते, नवऱ्याचा फोन लागला नाही तर रडते. दाराकडे चार पावलं गेलेही. मग मला नाल्यापलीकडचा तो चढ आठवला. मी खाली बसलेली, आणि मास्तर वरून म्हणताहेत, आळशी. तेव्हाही कुणी कान लावला नव्हता. मी परत फिरले आणि टेबलासमोर जमिनीवर बसले.

"डॉक्टर, घाबरट बाईच्या छातीत गुठळी होत नाही का?"

"अहो, उठा, लोक बघतायत."

"बघू दे. तुमच्या गळ्यात आहे ते एकदा माझ्या छातीला लावा. लावायचं नसेल तर काढून ठेवा, उगाच ओझं कशाला?"

माझ्या तोंडून हे शब्द आले यावर माझाच विश्वास बसत नव्हता. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "लावा की साहेब, त्याला काय वीज लागते?" डॉक्टर चिडले होते, पण वाकले. त्यांनी ऐकलं. परत ऐकलं, श्वास रोखायला सांगून. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मांडीवरच्या मोबाइलमधला चेहरा मात्र हसतच होता.

रक्त तपासलं तर गोळी घेतच नसल्यासारखं दाट. छातीची सोनोग्राफी केली, झडपेच्या एका पाकळीवर गुठळी धरायला लागली होती. मला दाखल केलं आणि सलाइनमधून औषध सुरू केलं. एक मोठी नर्स म्हणाली, आठवड्यानं आली असतीस तर आम्हाला काही करता आलं नसतं. ते आठ-दहा दिवस मी कान देऊन पडून होते. सहाव्या दिवशी आवाजाला धार आली. टिक. मी नवऱ्याला उठवून ऐकवलं. तो म्हणाला, "हां, वाजतंय," आणि तोंड फिरवून बसला.

घरी जायच्या दिवशी एक कागद आला. त्यावर असं होतं की रुग्णाने आपल्या आहाराबद्दल चुकीची माहिती दिली, त्यामुळे डोस चुकला, याला हॉस्पिटल किंवा संगणक प्रणाली जबाबदार नाही, आणि रुग्ण कार्यक्रमात पुढे राहण्यास संमती देते. खाली माझं नाव, सहीची रेघ. ज्यांनी माझी झडप बसवली ते मोठे डॉक्टर समोर होते. टॅबवाली ताई त्यांच्या मागं उभी होती, डोळे सुजलेले. तिला बोलणी बसली असणार.

मी पेन घेतलं. आणि खाली ठेवलं.

"साहेब, मी सही करणार नाही."

ते दमलेले दिसत होते. "तुम्ही ॲपवर खोटं सांगितलंत की नाही?"

"सांगितलं. ते मी लिहून देते. पण पहिल्या दिवशी खरं सांगितलं होतं, आणि गोळी त्याच्यावर ठरली. ते यात कुठं आहे?"

"मग नंतर खोटं का?"

"तुमचं ऑपरेशन फुकट, गोळी फुकट, तपासणी फुकट. फुकटात जगणाऱ्या बाईला 'माझं चुकलं' म्हणायची सोय कुठं असते? खरं दाबलं तर त्याच्या कपाळाला आठ्या. पुढं कुणी विचारायला आलं नाही, बाई, का खाल्लीस. खिडकीतल्या काकांशी खोटं बोलले असते तर त्यांनी माझी बोटं धरली असती."

मी बोटं पुढं केली. दहा दिवस दवाखान्यात पडूनही नखांत हिरवं होतं.

डॉक्टर म्हणाले, "एक लक्षात घ्या. याच प्रणालीनं बऱ्याच जणांचं भलं केलंय." तेही खरं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचा भाऊ येवल्याचा, पैठणी विणणारा. त्याचं किती वर्षं गोळीचं माप बसत नव्हतं, मागावर बसल्या बसल्या नाकातून रक्त यायचं. जनुकं तपासल्यावर कळलं की त्याच्या अंगात गोळी जिरायलाच वेळ लागतो. डोस निम्मा झाला, रक्त थांबलं. त्या माणसाला मी काय म्हणून सांगू, की संगणक वाईट?

"साहेब, मी वाईट म्हणतच नाही. एक विचारते. ज्या लोकांवरून हा संगणक शिकला, ते कुठले?"

"बरेचसे परदेशातले. थोडे आपल्याकडच्या मोठ्या शहरांतले."

"त्यात हिवाळाभर मेथी खाणारी कुणी होती?"

त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं मान हलवली, माहीत नाही.

"म्हणजे रक्त माझं आणि ताट दुसऱ्याचं," मी म्हटलं. "आणि आता माझी माहिती घेऊन तो पुढं शिकणार. त्यातही लिहिलंय की ही बाई पालेभाजी खात नाही. उद्या माझ्यासारखी दुसरी कुणी आली की तिला माझ्याच खोट्यावरून गोळी देणार."

हे मी आधी ठरवून बोलले नव्हते. बोलता बोलताच मला कळलं. इतके दिवस मला वाटत होतं, माझं खोटं माझ्यापुरतं आहे.

मोठे डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "तुम्हाला काय हवंय?"

काय हवंय, हा प्रश्न मला त्या इमारतीत पहिल्यांदा कुणी विचारला. मनात एकच चाललं होतं, ही माणसं नसती तर तू आज नसतीस, गप बस. पण छातीत टिकटिक चालू होती, ती त्यांनीच बसवलेली, आणि ती काही गप बसत नव्हती.

"संगणक राहू द्या. खिडकी उघडा. आणि माझी माहिती एकतर दुरुस्त करा, नाहीतर काढून टाका. तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. सही मात्र नाही."

मग मी तोच कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. सातवीपर्यंतचं अक्षर, पण सुवाच्य. मी पेठ रोडच्या मळ्यात मेथी बांधते. हिवाळ्यात रोज मेथी खाते, पावसाळ्यात कमी. तपासणीच्या आधी आठ दिवस सोडली होती, कारण मला वाटलं चांगला रिपोर्ट आणायचा असतो. ॲपवर मी घाबरून नाही म्हटलं. हे खरं आहे आणि हे संगणकाला सांगा. त्याखाली सही केली. ती सही मी आनंदानं केली.

ताईनं तो कागद घेतला आणि दोनदा वाचला. बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "मावशी, फॉर्ममध्ये असा रकानाच नाहीये हो." मी म्हटलं, "मग आखा. पट्टी नाही का तुमच्याकडे?" ती रडता रडता हसली.

माझी माहिती दुरुस्त झाली की काढली, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही. दर खेपेला विचारते. विचाराधीन आहे, म्हणतात. खिडकी मात्र मंगळवारी दोन तास उघडते. काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "या वकीलबाई." माझी गोळी आता संगणक सुचवतो आणि काका-डॉक्टर मिळून तपासतात, मेथीसकट. ॲप रविवारी विचारतं, मी 'हो' दाबते, आठ्या पडतात. पडू देत.

मंगळवारी बाकावर नवीन माणसं दिसतात. साखरेवाले, झडपवाले, सगळे आठ दिवस उपास करून आलेले. मी सरकून बसते आणि विचारते, "काय काय सोडून आलात?" आधी लाजतात, मग सांगतात. मी म्हणते, "हे आत जाऊन सांगा. असंच्या असं सांगा. घाबरलात तर मी येते बरोबर."

निळी फाइल मी देव्हाऱ्यातून काढली आहे. देवाच्या मागं ठेवलेली वस्तू हातात घेऊन उलटवता येत नाही, पान फिरवून विचारता येत नाही. आता ती माझ्या कामाच्या पिशवीत असते, विळा आणि डब्याच्या मधे. कडांना चिखल लागलाय आणि उघडली की मेथीचा वास येतो.